मुक्कामाचा धर्म

दर वर्षी परीक्षा आटोपल्या की माझी नोकरी संपते. जोयडा तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा यादी. तीच शाळा मिळेल, घाटाकडची एखादी मिळेल, की यंदा नावच लागणार नाही, हे तोवर कुणी सांगू शकत नाही. माझा नवरा रेल्वेच्या दुहेरीकरणावर कंत्राटदाराकडे मोजणीचं काम करतो. काम तिनईघाटाच्या बाजूला आहे तोवर रामनगरला भाड्याची खोली, पुढे पाठवतील तिथे. आम्ही दोघंही खानापूर तालुक्यातले. गावी गेलं की सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, “कायमचं कधी होणार गं?”

त्यांची काळजी मला कळते. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते आणि तिच्याशी मला भांडायचं आहे. जो कायम नाही तो जिथे राहतो तिथला नसतोच, अशी ती समजूत. त्याने तिथे जीव लावू नये, तिथल्या भानगडीत पडू नये, महिना भरावा, पगार घ्यावा आणि वेळ आली की निघावं. आपल्याकडे हीच गोष्ट धर्माच्या भाषेतही बोलली जाते. सगळंच क्षणभंगुर आहे, देहसुद्धा भाड्याची खोलीच आहे, मग कशात कशाला गुंतायचं? हे वैराग्य आहे असं लोक समजतात. मला ते वैराग्य वाटत नाही. का वाटत नाही ते या तालुक्यात शनिवार-रविवार हिंडता हिंडता माझ्यापुरतं पक्कं होत गेलं.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. दुपारी भाकरी खाऊन आम्ही मोटारसायकल काढतो. नवऱ्याला रविवारी सुट्टी असली तर मुक्काम करूनच परततो, नसली तर दिवस मावळायच्या आत घरी. इथे अंधार पडल्यावर भटकायची सोय नाही. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. 2007 साली दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून तो प्रकल्प झाला, 2015 साली त्याला काळी नदीचं नाव मिळालं. जंगलात पाऊल टाकायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि ते योग्यच आहे. आम्ही बहुतेक रस्त्याच्या कडेने, गावांच्या पायवाटांनी, धरणाच्या पाण्याच्या काठाने चालतो. पावसाळ्यात पायाला तंबाखूचं पाणी लावून निघायचं, तरी मोज्यात दोन-चार जळवा शिरतातच. कॅसलरॉकला तर मी नुसती स्टेशन बघायला जाते. 1888 साली इथून मुरगावपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत हे छोटंसं स्टेशन दोन राज्यसत्तांच्या हद्दीवर उभं होतं. किती कारकून, पोर्टर, जकातवाले इथे बदलीवर येऊन पावसाला वैतागून गेले असतील. त्यांतल्या कुणी स्टेशनमागच्या वाटा चालून पाहिल्या होत्या का, हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

गणेशगुडीजवळ एका मोठ्या वडावर आम्ही धनेश पाहिले. आधी आवाज आला. धनेशाच्या पंखांचा आवाज झाडीच्या वरून येतो तेव्हा कुणीतरी जाड कापड जोराने झटकत चालल्यासारखं वाटतं. मग पिवळी प्रचंड चोच फांद्यांतून पुढे आली. तो चोचीच्या अगदी टोकाने पिकलेलं फळ अलगद तोडायचा, मान मागे टाकून ते हवेत उडवायचा आणि घशात घ्यायचा. एवढ्या अवजड चोचीला एवढं नाजूक काम जमतं हे पाहत आम्ही मान दुखेपर्यंत उभे होतो. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून फक्त एक फट ठेवते आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. चांगली ढोली मिळाली की जोडी वर्षानुवर्षं तिथेच परत येते. आणि हाच पक्षी उंबर-वडाची बियाणी कोसभर लांब नेऊन टाकतो. झाडाला चालता येत नाही, त्याचं बी धनेशाच्या पोटातून चालतं. धनेशाला घर बांधता येत नाही, ते त्याला जुनं झाड देतं. यांतलं कायमचं कोण आणि तात्पुरतं कोण, असा हिशेब इथे बसतच नाही.

या तालुक्याने हा प्रश्न माझ्यासमोर सर्वांत ठळकपणे मांडला तो उळवीला. चन्नबसवण्णांची समाधी तिथे आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या भोवती शरणांचा मेळा जमला होता. चांभार, ब्राह्मण, परीट, नावाडी सगळे एकत्र बसून वचनं रचत होते आणि जात मोडत होते. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न लागलं, तेव्हा दोन्ही बापांना राजाज्ञेने ठार मारण्यात आलं. मग बिज्जळ राजाचीही हत्या झाली आणि शरण दाही दिशांना पांगले. परंपरा सांगते की बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा वचनांच्या ताडपत्रांचे भारे घेऊन, पाठलाग करणाऱ्या सैन्याशी लढत या घनदाट रानात आले. त्यांच्या आई अक्कनागम्मांच्या नावाची गुहा उळवीला आजही दाखवतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा भरते, तेव्हा धारवाड, बेळगावकडून सजवलेल्या बैलगाड्या घाटरस्त्याने येतात. रामनगर-जोयड्याच्या रस्त्यावर त्या काळात घुंगरांचा आवाज सतत असतो.

बांधलेल्या देवळापेक्षा चालत्या माणसाला, जंगमाला, बसवण्णांनी वरचं स्थान दिलं. हा विचार फिरतीवरच्या माझ्यासारख्या माणसाला फार धीर देतो. शिवाय शरणांनी कायकाला, हाताने केलेल्या कामाला, पूजेची जागा दिली. ते काम कायमचं आहे की हंगामी, याची अट त्यांनी घातलेली मला कुठे दिसत नाही. वर्गात मुलांना बे एके बे शिकवताना माझ्या हजेरीपत्रकावर कोणता शिक्का आहे, याच्याशी त्या पाढ्याचा संबंध नाही.

पण उळवीच्या पायऱ्यांवर बसलं की दुसरी बाजूही दिसते. जंगमाचा महिमा सांगणाऱ्यांच्या वारसदाराची इथे समाधी झाली, समाधीवर देऊळ उभं राहिलं आणि लोक पिढ्यान् पिढ्या त्या एका ठिकाणी येत राहिले. पळून आलेल्या माणसालाही शेवटी कुठेतरी पाठ टेकावी लागते. ज्या गावाने त्याला टेकू दिली ते त्याचं झालं. याला मी विचाराशी झालेली फितुरी म्हणणार नाही. चालणाऱ्यालाही जमीन लागते, एवढाच त्याचा अर्थ.

कवळा गुहेत हेच मी हाताने चाचपून पाहिलं. महाशिवरात्रीला तिथे भाविकांची रांग लागते, त्या रांगेतून आम्ही गेलो. पुष्कळ पायऱ्या, मग गुहेचं तोंड, मग काळोखात वाकून, काही ठिकाणी जवळजवळ रांगत पुढे जायचं. वटवाघळांचा उग्र वास, बॅटरीच्या उजेडात ओल्या भिंती, मागून पुढून “हर हर महादेव”. आत चुनखडीचं लिंग आहे. वरून पाण्याचा थेंब पडतो, थेंबातला चुना खाली साचतो, आणि असं कितीतरी काळ होऊन तो दगड वर उठलेला आहे. कुणी घडवलेला नाही, कुणी आणून बसवलेला नाही. वाहतं पाणी थांबत थांबत गेलं, त्याचा हा देव झाला. लोक त्याला स्वयंभू म्हणतात. मी त्याच्यापुढे हात जोडले ते पूर्ण श्रद्धेने, आणि माझी श्रद्धा त्या थेंबावरही होती. थेंब तिथे राहत नाही, पण आपल्याजवळचं ठेवून जातो.

आता सुप्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट राहील.

आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात तो सुपा तालुका. म्हातारी माणसं अजून तेच नाव घेतात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होतं. गणेशगुडीला काळीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं, ते 1987 साली पुरं झालं, आणि सुपा आजूबाजूच्या खेड्यांसकट पाण्याखाली गेलं. धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॅटचं वीजघर आहे. तेच पाणी पुढे नागझरीच्या मोठ्या वीजघराला जातं. उठवलेल्या लोकांसाठी जी वसाहत झाली, ती आमचं रामनगर. म्हणजे मी भाड्याने राहते ते गावच मुळात घरं गमावलेल्यांचं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे काळे पडलेले बुंधे वर येतात. त्या काठावरून चालताना मला कधी मोकळं वाटलेलं नाही.

एकदा आमच्याच आळीतल्या एक आजी बोलत होत्या. सुप्यातल्या त्यांच्या घराचा उंबरा त्यांनी हाताने दाखवला, इतका रुंद, असा. परसात फणस कुठे होता, विहिरीवर दोर बांधायचा खांब कोणत्या बाजूला होता. तेव्हा बसलेल्यांपैकी एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “आजी, जाऊ द्या. घरदार कुणाचं कायम राहिलंय? सगळी माया.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आजींचा हात जिथल्या तिथे थांबला. उंबरा सांगायचा राहिला तो राहिलाच.

माझ्या मते धर्मविचारात यापेक्षा मोठी चूक नाही. अनित्यतेचा विचार माणसाने स्वतःच्या घराकडे बघून करावा. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून तो केला की ते घर घेणाऱ्याची बाजू घेणं होतं. बुद्धांनी राज्य सोडलं ते स्वतःचं. त्यांनी दुसऱ्या कुणाला उठवून “सगळं अनित्य आहे” असं सांगितलं नाही. सोडणं आणि सोडायला लावलं जाणं या दोन गोष्टींना एकच वेदान्त पुरत नाही.

कुणब्यांची कहाणी तर याहून बोलकी आहे. या रानातले कुणबी पूर्वी कुमरी शेती करत. रानाचा एक तुकडा तोडून, जाळून तिथे नाचणी पेरायची, एक-दोन पिकं काढायची, मग ती जागा सोडून द्यायची. रान परत उभं राहीपर्यंत दुसरीकडे. शेतच फिरतं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वनखात्याने कुमरीवर निर्बंध आणले. हे लोक जंगलाची नासाडी करतात, त्यांनी एका जागी बसावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते बसले. भात लावलं, परसात कंद लावले, घराशेजारी देवाची राई राखली. आणि आता व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबांना स्वेच्छेने बाहेर जाण्यासाठी 15 लाख रुपयांची योजना आहे. फिरत होते तेव्हा बसा म्हटलं, बसले तेव्हा निघा म्हणतात. ज्यांना खरंच जायचं आहे, मुलांची शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी जायचं आहे, त्यांना जाऊ द्यावं, चांगलं बसवावं. आतल्या वाडीवरून गरोदर बाईला आणायचं म्हणजे काय, हे मी ऐकलेलं आहे. पण जायचं की राहायचं हा शब्द त्यांचाच असायला हवा. शहरातून वाघ बघायला आलेल्या पाहुण्याने किंवा माझ्यासारख्या अतिथी बाईने तो त्यांच्या वतीने उच्चारू नये.

जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो. तिथे मांडीएवढी मुडली, काटेकणंग, कोन, सुरण यांचे ढीग बघितले की कळतं, या लोकांना जमीन किती आतपर्यंत माहीत आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीने मला कणंगाचा वरचा डोळ्याचा तुकडा दिला आणि लावायला सांगितलं. मी म्हटलं, “आजी, मी मार्चनंतर इथे असेन की नाही ठाऊक नाही. पीक कोण काढणार?” त्या म्हणाल्या, “बाय, तू लाव. काढणारं येतंय.” बोलताना त्यांनी मान वर केली नाही, दुसरा तुकडा राखेत घोळवत होत्या. आम्ही खोलीच्या मागे, मालकांना विचारून, तो लावला. वेल चढायला नवऱ्याने एक काठी रोवली.

आता आपल्या परंपरेकडे येते. संन्याशाने एका गावात फार काळ थांबू नये, असा नियम आहे, आणि त्याचा दाखला देऊन लोक म्हणतात, बघा, गुंतायचं नाही. पण त्याच संन्याशाला पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबायला सांगितलं आहे. जैन साधू आणि बौद्ध भिक्षूही थांबतात. का? पावसात वाटेवर जीवजंतू उगवलेले असतात, कोवळं गवत असतं, चालताना ते पायाखाली चिरडू नये म्हणून. ज्याचं कुठेच काही नाही, त्यालाही पायाखालच्या मुंगीचा विचार सुटलेला नाही. घर सोडण्याने जबाबदारी संपते असं आपल्या एकाही साधुपरंपरेने म्हटलेलं मला आढळत नाही. उलट तिचा पैस वाढतो. इथल्या पावसात, पाऊल टाकावं तिथे बेडकाचं पिल्लू उडी मारतं तेव्हा, चातुर्मासाचा नियम कुणा पंडिताने न समजावता समजतो.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना, ज्याला घर नाही आणि ज्याची बुद्धी स्थिर आहे, असं एक लक्षण आलं आहे. 1290 साली ज्ञानेश्वरीत माउलींनी त्यावर लिहिताना त्याचा अर्थ फार सुंदर फिरवला आहे. असा माणूस सगळं विश्वच आपलं घर मानतो, असं ते सांगतात. माझा सगळा आधार तिथे आहे. घर नसणं म्हणजे कशाचाच न होणं, हा एक अर्थ झाला. जिथे जाईन तिथलं माझं, हा दुसरा. पहिला सोपा आहे, त्यासाठी काही करावं लागत नाही. दुसऱ्यासाठी नदीचं नाव विचारावं लागतं, शेजारणीच्या दुखण्याची चौकशी करावी लागते, कंद लावावा लागतो. आणि दर वेळी ते तुटतं तेव्हा रडावंही लागतं. मागच्या खोलीतून निघताना मी रडले, आणि मला ते अधर्माचं वाटलं नाही.

वारकऱ्यांकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. वारकरी संसार टाकत नाही. पेरणी उरकून चालतो, देवाला भेटून परत शेतावर येतो. नामदेव तर चालत पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि तिथल्या लोकांचे होऊन राहिले. त्यांच्या तिथल्या वास्तव्याला कुणी तात्पुरतं म्हणणार नाही. शीख बांधवांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत.

माझा नवरा याबाबत माझ्यापेक्षा कमी बोलतो. तिनईघाटाकडून येताना एक दिवस तो म्हणाला, “अगं, आपण मोजलेली लाईन पुरी होईल तेव्हा आपण इथे नसू. पण चुकीची मोजली तर गाडीतल्या माणसाला भोगावं लागेल.” त्याने धर्माचं नाव घेतलं नाही. मला मात्र यात कायकाचा सगळा विचार दिसला.

म्हणून “कायमचं कधी होणार?” असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते, की नोकरी कायमची होवो न होवो, जिथे आहोत तिथे आम्ही पुरते आहोत. आज देशभर कितीतरी तरुण जोडपी करारावर, हंगामावर, वर्षाच्या नेमणुकीवर राहतात. नर्स, शिक्षक, मोजणीदार, मजूर. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून पुढच्या नेमणुकीची वाट बघू नका. बाहेर पडा, चाला, तिथली झाडं, देवळं, माणसं ओळखीची करून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी माघात उळवीच्या जत्रेला आलंच, तर जाताना रामनगरला थोडा वेळ थांबा. सुप्यात ज्यांची घरं होती ती म्हातारी माणसं अजून इथे आहेत. त्यांना त्यांच्या घराविषयी विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये काही बोलू नका.